परक्या घरचें पान

मुलगी शिकावयास परदेशीं गेली म्हणजे बापास कोणती चिंता वाटत असावी? अभ्यासाची म्हणावी, तर दुसऱ्यांच्या मुलांच्या अभ्यासाची चिंता करण्यांत जन्म घालवून आम्ही निबर झालों आहोंत. पैशाची म्हणावी, तर ती तिकीट काढण्यापूर्वींच करून झालेली असते. खरें सांगावयाचें तर, आमच्या धाकट्या कन्येचें विमान मुंबईहून उडालें तेव्हां आमच्या मनांत एकच प्रश्न होता: उद्यां रात्रीं हिचें पान कोण वाढणार?

ती स्पॅनिश शिकण्यासाठीं सालामांका येथें गेली. तेथील विद्यापीठ १२१८ सालीं स्थापन झालें. त्या वेळीं आमच्या शेजारच्या देवगिरीवर सिंघण यादवाचें राज्य होतें. भाषा शिकावयास आलेले पुष्कळ विद्यार्थी त्या गांवीं एखाद्या कुटुंबांतच राहतात. कन्येच्या वांट्यास आलेल्या घरांत नवरा-बायको, एक शाळकरी मुलगा आणि आजी अशीं चार माणसें होतीं. पहिल्या आठवड्यांत तिनें जें लिहिलें व फोनवर सांगितलें, त्यावरून पुढील हकीकत देत आहों.

पहिल्या रात्रीं आपल्याकडील जेवणाची वेळ टळून गेली, तरी त्या घरीं शेगडी पेटेना. स्पेनांत रात्रीचें जेवण नऊ-दहाला होतें, हें पुस्तकांत वाचणें निराळें आणि पोटानें समजून घेणें निराळें! शेवटीं, 'मी दमलें आहें' असें सांगून निजावयास जावें, म्हणून तिनें पाठ केलेलें वाक्य म्हटलें. दमलेली म्हणजे 'कान्सादा'. तिच्या तोंडून मधला 'न' निसटला आणि झालें 'कासादा', म्हणजे लग्न झालेली. आजीबाईंनीं कपाळास हात लावला. नवऱ्यास टाकून ही पोर इतकी दूर आली कशी, असें त्यांस वाटलें असावें.

दुसऱ्या दिवशीं दुपारीं मसुरीचें कालवण होतें. आपण मांस खात नाहीं, हें कन्येनें आधींच कळविलें होतें, व गृहिणीनें तें लक्षांतही ठेवलें होतें. परंतु चवीपुरते टाकलेले डुकराच्या खारवलेल्या मांसाचे तुकडे त्या घरीं मांसाच्या खात्यांत धरले जात नव्हते! कन्या पाव आणि एक नारिंग खाऊन, 'भूक नाहीं' असें सांगून उठली. गृहिणीनें कांहींच विचारलें नाहीं. रात्रीं मात्र शेगडीवर दोन भांडीं होतीं, एक मोठें व एक लहान. आणि मोठ्या भांड्यांतला डाव लहानांत पडूं नये म्हणून आजीबाई स्वतः जवळ उभ्या होत्या. तिसऱ्या दिवशीं बटाट्याचें 'तोर्तिया' झालें. त्यांत अंडीं असतात. अंड्यांस कन्येची हरकत नव्हती. हरकत आमची होती, पण ती कोणीं विचारली नाहीं.

भाषाही हळूहळू अशीच ताटांत पडूं लागली. कपाटाच्या दाराची बिजागरी निखळली होती. यजमान ती हातांत धरून 'बिसाग्रा, बिसाग्रा' म्हणूं लागले, आणि कोशावांचून कळलेला तो तिचा पहिला शब्द ठरला. पोर्तुगीजांनीं आमच्या किनाऱ्यावर आणलेला हा शब्द कित्येक पिढ्या मराठी दारांत कुरकुरत आहे. त्याचा सख्खा चुलतभाऊ तिला तेथें भेटला.

खरी अडचण आली ती हांक मारण्याची. आपल्या 'तूं'ला तेथेंही 'तू'च म्हणतात, कारण दोन्ही भाषांचें मूळ गोत्र एक. आणि आदरासाठीं 'उस्तेद' आहे. गृहिणीनें बजावलें, 'मला तू म्हण, आणि नांवानें हांक मार.' आईच्या वयाच्या बाईस नांवानें हांक मारावयास कन्येची जीभ उचलेना. शेवटीं तिनें कोशांतून 'तीआ' हा शब्द शोधून काढला. मावशी, आत्या, काकू, सर्वांस तेथें तोच. तो ऐकून मुलगा हंसत सुटला, कारण तेथील तरुण पोरी आपसांत एकमेकींस 'तीआ' म्हणूनच हांक मारतात. गृहिणी मात्र हंसली नाहीं. त्या दिवसापासून ती मावशी झाली.

हें ऐकतांना आम्हांस आनंदीबाई जोशी आठवल्या. अठरा वर्षांच्या आनंदीबाई ४ जून १८८३ रोजीं न्यूयॉर्क बंदरांत उतरल्या, आणि न्यू जर्सींतील रोझेल गांवीं कार्पेंटरबाईंच्या घरीं राहिल्या. तोंवर दोघींची ओळख केवळ पत्रांतली. या बाईंसही आनंदीबाईंनीं मावशीच केलें. नातें जोडल्यावांचून आम्हां मराठी माणसांच्या घशाखालीं परक्या घरचा घांस उतरत नाहीं, हेंच खरें. पुढें त्या फिलाडेल्फियास १८८६ सालीं डॉक्टर झाल्या, आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं पुण्यास वारल्या. त्यांची रक्षा समुद्रापार मावशीकडे पाठविण्यांत आली, व मावशीनें पकीप्सी येथें आपल्या कुटुंबाच्या स्मशानभूमींत तिला जागा दिली. पाहुणीचें पान त्या घरानें शेवटपर्यंत उचललें नाहीं.

येथवर आम्ही सुखांत होतों. मग एके दिवशीं कन्येनें लिहिलें कीं, आजीबाई मनांतली इच्छा बोलून दाखवितांना 'ओखाला' म्हणतात. उद्यां ऊन पडो, ओखाला. पोराला चांगले गुण मिळोत, ओखाला. 'बाबा, हा तर आपल्या गल्लींतल्या इन्शाल्लाचा भाऊ!' अरबांचें अखेरचें राज्य स्पेनांतून १४९२ सालीं गेलें. अल्लाचें नांव मात्र ख्रिस्ती आजीबाईंच्या तोंडीं राहून गेलें.

आम्हांस त्या शब्दासरशीं दुसराच कोणी आठवला. आमच्या छत्रपती संभाजीनगरचें नांव औरंगाबाद होतें त्या वेळची, सात-आठ वर्षांपूर्वींची गोष्ट. येथील विद्यापीठांत शिकावयास येमेनहून पुष्कळ तरुण येत. त्यांतला एक आमच्या माडीवरची खोली विचारावयास आला. 'नमस्कार, सर' एवढें मराठी तो पाठ करून आला होता. आम्हीं त्यास चहा दिला, आणि खोली कालच दुसऱ्यास दिली म्हणून सांगितलें. जातांना तो म्हणाला, 'पुन्हां भेटूं, इन्शाल्ला.' खोली पुढें आठ महिने रिकामी होती. हा मांस शिजवील, अशी आम्हीं आपल्या मनाची समजूत घातली होती. खरें कारण तेंही नव्हतें, हें आज लिहून टाकतों. त्याच वर्षीं आम्ही महाविद्यालयांत विश्वबंधुत्वावर व्याख्यान दिलें होतें!

घरांत हा विषय काढला, तेव्हां आमची गृहिणी म्हणाली, 'तेव्हां मी आंत होतें. सगळें ऐकत होतें.' इतक्या वर्षांत ती एका शब्दानें बोलली नव्हती.

फाटकावरील पाटीवर 'खोली भाड्यानें देणें आहे' याखालीं 'केवळ शाकाहारी' अशी ओळ होती. परवां रंगाची डबी आणून आम्हीं ती पुसली. त्यानंतर दोन जण खोली पाहून गेले. दोघेही शाकाहारी निघाले. ज्याला ती खरोखर हवी होती, त्याचें नांवसुद्धां आम्हीं त्या दिवशीं विचारलें नव्हतें.