अर्धी खतं

1630 साली दख्खनेत पावसाने दगा दिला. बुऱ्हाणपुरात शहाजहानचा तळ, निजामशाहीशी लढाई जुंपलेली. करपलेल्या मुलखातून फौजाही फिरत होत्या. देहूत संत तुकोबांचे वडील बोल्होबा यांच्या घरी पिढीजात वाण्याचं दुकान, सावकारी, महाजनकी. पण आईवडील आधीच गेलेले, आणि थोरले सावजी बायको वारल्यावर तीर्थांना निघून गेलेले. सगळा भार मधल्या तुकोबांवर. दुष्काळात दुकान बसलं, गुरं गेली, पत गेली. पहिली बायको रखमाबाई अन्न अन्न करत गेली, मुलगाही गेला. ज्या घरातून गावाला दाणे मोजून दिले जात, त्याच घरात हे घडलं.

देव चांगला आहे, असं त्या उंबऱ्याच्या आत कोणी कसं म्हणावं?

तुकोबा म्हणाले. दिवाळं निघालं, दुष्काळाने छळलं, चारचौघांत अपमान झाला, हे सगळं बरंच झालं, त्यामुळे तर तुझ्याकडे आलो, असं ते देवाला सांगतात. कीर्तनात हा अभंग हमखास येतो आणि माना डोलतात. माझी मान जरा अडते. सुतकाच्या घरी येऊन ‘देव जे करतो ते बऱ्यासाठीच’ म्हणणारे पाहुणे आठवतात. त्यांनी चहा घ्यावा आणि लवकर उठावं, असं वाटत राहतं. पण तुकोबा हे शेजाऱ्याच्या दुःखाविषयी बोलत नाहीत, स्वतःच्या घराविषयी बोलतात. एवढा हक्क त्यांना द्यायलाच हवा.

शिवाय गाथेत तो अभंग एकटा नाही. आपली हकीकत सांगताना ते बायकोच्या भूकबळीचा उल्लेख करतात, आणि लाज वाटली, या दुःखाने जीव त्रासला, असं सरळ कबूल करतात. तिथे ‘बरं’ नाही. तिसऱ्या एका छोट्या अभंगात बायको सुटली, पोर गेलं तेही बरं, असं इतक्या कोरडेपणाने म्हटलं आहे की वाचताना घसा आवळतो. यातलं आधीचं कोणतं, नंतरचं कोणतं, हे गाथेच्या क्रमावरून कळत नाही. आधी रडले, मग सावरले, मग देव पावला, अशी सोयीची वाट त्यातून काढता येत नाही. लाज आणि भरवसा एकाच माणसाच्या तोंडी आहेत, आणि एकाने दुसऱ्याला खोडलेलं नाही. मला त्यांचा भरवसा खरा वाटतो तो यामुळेच.

हातांनी मात्र त्यांनी दोन कामं केली. घरच्या विठ्ठलाचं देऊळ पडायला आलं होतं, ते अंगमेहनतीने उभं केलं. दुसरी गोष्ट संतचरित्रकार महिपतींनी सांगितली आहे. लोकांकडून येणं असलेल्या कर्जाची खतं काढली, धाकटे भाऊ कान्होबा यांना अर्धी दिली आणि आपली अर्धी इंद्रायणीत बुडवली. दुष्काळातून कसाबसा तगलेला कुणी कुणबी त्या दिवशी देणेकरी राहिला नाही. देवाच्या चांगुलपणाविषयी त्याला विचारलं असतं तर त्याने बहुधा वाण्याच्या घराकडे बोट दाखवलं असतं.

कान्होबांनी आपली खतं ठेवली. त्यांना कोणी नावं ठेवू नयेत; घरात खाणारी तोंडं होती, आणि प्रत्येकाला तुकोबांसारखं भंडाऱ्याच्या डोंगरावर जाऊन बसता येत नाही. तुकोबांची दुसरी बायको जिजाई तरी काय, भाकरी घेऊन तो डोंगर चढायची आणि वाटेत त्या काळ्या विठोबाचा उद्धार करायची.

पुढे 1650 मध्ये तुकोबा गेले. कान्होबांचे त्या वेळचे अभंग गाथेतच छापलेले असतात. त्यांत ‘बरं झालं’ कुठेच नाही. विठोबाला ते धारेवर धरतात, तुझं शील मला ठाऊक आहे म्हणतात, आणि भाऊ परत मागतात. सावकाराच्याच घरातले ते; वसुलीला बसायचं तर समोरचा देणं लागतो आणि देऊ शकतो, अशी खात्री आधी लागते.