न दिसणारे दुखणे

आईचे अंग सतत दुखत असे. मान, खांदे, पाठ, मांड्या. आज येथे, उद्या तेथे. सकाळी उठे तीच थकलेली. तपासण्या झाल्या, क्ष-किरण चित्रे काढली, सर्व निर्दोष. ''तुम्हांला काहीही झालेले नाही,'' असे एका डॉक्टरांनी सांगितले आणि घरात आम्ही ते वाक्य तिच्याविरुद्ध पुराव्यासारखे वापरले. सेमिनरीतून सुटीवर आलो असता मी तिला म्हणालो होतो, ''आई, हे दुखणे प्रभूला अर्पण कर.'' शब्द भक्तीचे होते, पण आत अविश्वास होता. तो तिने ओळखला असावा. त्यानंतर तिने माझ्याजवळ पुन्हा तक्रार केली नाही.

आई गेली. पुढे येथेच, नागपुरात राहणाऱ्या माझ्या ताईला तेच सुरू झाले. ह्या वेळी संधिवाततज्ज्ञ भेटले आणि दुखण्याला नाव मिळाले: फायब्रोमायल्जिया.

१९९० च्या अमेरिकन निकषांनुसार अंगावरील १८ बिंदू दाबून पाहत. ११ दुखले पाहिजेत. २०१० च्या निकषांत ती अट गेली आणि झोप, थकवा, स्मरण ह्यांची विचारपूस आली. आपल्या महाराष्ट्रात भिगवण येथे १९९६ साली डॉ. अरविंद चोप्रा ह्यांनी घरोघर पाहणी केली, तेव्हा सुमारे १८ टक्के प्रौढांना स्नायू-सांध्यांची दुखणी आढळली आणि त्यांतील पुष्कळ दुखणी कोणत्याही ठराविक सांधेरोगात बसत नव्हती. आई एकटी नव्हती तर!

२००२ साली ग्रेसली आणि सहकाऱ्यांनी रुग्णांच्या अंगठ्याच्या नखावर दाब देऊन मेंदूची चित्रे घेतली. रुग्णांच्या मेंदूतील वेदनेची जी केंद्रे सौम्य दाबाने जागी झाली, ती निरोगी माणसांत जागविण्यास पुष्कळ अधिक दाब लागला. आपण स्वस्थ बसलो असतानाही मेंदूतील एक जाळे कार्यरत असते. २०१० मधील एका अभ्यासात, ह्या जाळ्याचे इन्सुला नामक भागाशी संधान जितके घट्ट, तितकी रुग्णाने सांगितलेली वेदना अधिक, असे दिसले. रुग्णाने सांगितलेली! ते वाक्य वाचून मी पुस्तक मिटून ठेवले. मात्र सारा दोष मेंदूचाच, असेही नव्हे. २०२१ साली रुग्णांच्या रक्तातील प्रतिपिंडे उंदरांना टोचली, तेव्हा तेही दाबाला आणि थंडीला अधिक संवेदनशील झाले.

गेल्या नाताळात जेवताना भाचीने विचारले, ''मामा, आजीला होते, आईला आहे. मग मलाही होईल का?'' ताईने मान खाली घातली. व्यासपीठावर मला शब्द कधी कमी पडत नाहीत, तेथे पडले. २००४ च्या एका पाहणीत रुग्णांच्या जवळच्या नातलगांत ह्या विकाराचा संभव सुमारे आठपट आढळला होता, हे मला ठाऊक होते. ते मी लपविले नाही. पण ह्याला कारण असे एकच जनुक नाही. अनेकांचा थोडाथोडा वाटा असतो, आणि त्यात आघात, आजारपण, झोपमोड ह्यांची भर पडते. वारशाने कल मिळतो, दुखणे मिळेलच असे नाही, असे मी तिला सांगितले.

''आजीवर तुमचा विश्वास होता का?'' तिने पुढे विचारले.

''नव्हता,'' मी म्हणालो. ताईने माझ्याकडे पाहिले आणि भाताचे भांडे पुढे सरकविले.

ह्या विकारात बेताच्या, नियमित व्यायामाइतका ठाम सल्ला तज्ज्ञ दुसऱ्या कशाचाही देत नाहीत. मायलेकी आता सेमिनरी हिल्सवर फिरायला जातात. प्रारंभी ताई दहाच मिनिटे चाले, आता अर्धा तास. उन्हाळ्यात पाचलाच निघावे लागते. ज्या दिवशी तिच्याने होत नाही, त्या दिवशी ती फोन करून तसे सांगते, आणि मी फक्त विचारतो, ''आज कुठे दुखते आहे, ताई?''