स्टॉक्टनची धाकटी पाती

आपल्याकडे एके काळीं सरकारी कचेरींत कायम जागा मिळण्यापूर्वीं तरुणाला कांहीं वर्षें उमेदवारी करावी लागे. अल्प वेतनावर कोपऱ्यांत बसून काम शिकावयाचें आणि वरून बोलावणें केव्हां येतें याची वाट पाहावयाची, हा त्याचा नित्यक्रम. अमेरिकेंत बास्केटबॉलच्या खेळांत अशा उमेदवारीची एक स्वतंत्र व्यवस्था आहे. ती कशी चालते हें जवळून पाहावें म्हणून आम्ही कॅलिफोर्निया राज्यांतील स्टॉक्टन या शहरीं गेलों.

राज्याची राजधानी सॅक्रामेंटो. तेथून दक्षिणेस सुमारें ८० किलोमीटरवर स्टॉक्टन आहे. वाटेंत लोडायच्या आसपास द्राक्षांचे मळे आणि अक्रोडाच्या बागा लागतात. हिवाळ्यांत या खोऱ्यांत असें दाट धुकें उतरतें कीं, दिवसाहि मोटारींना दिवे लावून सावकाश जावें लागतें. आणि बास्केटबॉलचा हंगाम नेमका याच दिवसांत असतो. सान वाकीन नदीचा जलमार्ग खोल केल्यामुळें १९३३ पासून समुद्रावरील मोठीं जहाजें शहरापर्यंत येतात. भारतीय प्रवाशास मात्र बंदरापेक्षां येथील शीख गुरुद्वाऱ्याचें अगत्य अधिक वाटेल. १९१२ सालीं पंजाबी शेतकरी-मजुरांनीं स्थापिलेलें हें अमेरिकेंतील शिखांचें पहिलें कायम प्रार्थनास्थान. गदर चळवळींतील पुष्कळ मंडळींचा येथें राबता होता.

नदीकांठीं २००५ सालीं उभारलेल्या क्रीडागारांत स्टॉक्टन किंग्ज हा संघ खेळतो. आम्ही गेलों त्या सायंकाळीं बरींच आसनें रिकामीं होतीं. परंतु आलेल्यांत मुलाबाळांसह आलेलीं कुटुंबें पुष्कळ, आणि त्यांचा उत्साह उसना नव्हता. खेळाडू इतक्या जवळून दिसतात कीं, पंचाशीं चाललेली त्यांची हुज्जतहि ऐकूं यावी.

या धाकट्या स्पर्धेस जी लीग म्हणतात. २००१ सालीं ती आठ संघांनिशीं सुरू झाली. २०२४-२५ च्या हंगामांत संघांची संख्या ३१ झाली होती. बहुतेक प्रत्येक संघाच्या मागें एनबीए या थोरल्या स्पर्धेंतील एक मातृसंस्था उभी असते. स्टॉक्टनची मातृसंस्था सॅक्रामेंटो किंग्ज. थोरल्यांचेच डावपेच धाकट्यांनीं गिरवावयाचे, आणि तिकडे कोणी जायबंदी झाला कीं इकडचा तयार गडी तांतडीनें पाठवावयाचा. २०१७ पासून यासाठीं दुहेरी कराराची रीति निघाली. २०२३-२४ पासून प्रत्येक मातृसंस्थेस असे तीन खेळाडू बाळगतां येतात. थोरल्या संघाच्या ८२ सामन्यांपैकीं ५० पर्यंत सामन्यांस ते हजर राहूं शकतात. इतर खेळाडूंस २०२३-२४ सालीं अवघ्या हंगामाचे ४०,५०० डॉलर मिळत. थोरल्या स्पर्धेंत मात्र नवख्याचेंहि किमान वेतन ११ लाख डॉलरांच्या वर होतें. ८० किलोमीटरांचा तो रस्ता किती लांब आहे, तें या दोन आंकड्यांवरून कळतें.

कोणी तो ओलांडतो. कीऑन एलिस यास २०२२ च्या वार्षिक निवडींत कोणत्याच संस्थेनें घेतलें नव्हतें. दुहेरी करारावर तो स्टॉक्टन येथें खेळला आणि फेब्रुवारी २०२४ मध्यें सॅक्रामेंटोनें त्यास कायम केलें. कोणास नुसतें दर्शन घडतें. सात फूट पांच इंच उंचीचा सिम भुल्लर हा पंजाबी कुळांतील कॅनेडियन एप्रिल २०१५ मध्यें एनबीएंत उतरणारा भारतीय वंशाचा पहिला खेळाडू ठरला. पण तेथें त्याच्या वांट्यास अवघे तीन सामने आले.

हें सारें पाहतांना आम्हांस गोकुळाची आठवण झाली. खेळाडू वाढवावयाचा यशोदेनें, आणि रंगांत आला कीं मथुरेहून अक्रूराचा रथ यावयाचा! रथ आला म्हणून स्टॉक्टनचे लोक रडत नाहींत, टाळ्या वाजवितात. आणि त्या टाळ्यांत आम्हांस खोटेपणा दिसला नाहीं.

परंतु या कथेस दुसरी बाजू आहे. हा संघ मुळांत स्टॉक्टनचा नव्हे. २००८ पासून दहा हंगाम तो नेवाडा राज्यांतील रेनो शहरीं खेळला. भुल्लरहि तेथूनच वर गेला होता. २०१६ सालीं सॅक्रामेंटोनें तो विकत घेतला आणि २०१८ सालीं येथें आणला. व्यवहाराच्या दृष्टीनें हें योग्यच; रेनो सिएरा नेवाडाच्या हिमाच्छादित घाटांपलीकडे, तर स्टॉक्टन तासाभराच्या वाटेवर. तथापि रेनोच्या ज्या मुलांनीं दहा वर्षें या संघाचा जयजयकार केला, त्यांस कोणीं विचारलें? आणि विशेष हें कीं, मातृसंस्थेनें स्वतः हें दुःख जवळून पाहिलें आहे. रोचेस्टर, सिनसिनाटी, कॅन्सस सिटी अशीं घरें बदलीत ती १९८५ सालीं सॅक्रामेंटोस आली. २०१३ सालीं ती सिॲटलला जाण्याच्या बेतांत असतां नागरिकांनीं कंबर कसली, मुंबईंत जन्मलेले विवेक रणदिवे यांच्या पुढाकारानें नवे मालक मिळाले, आणि संघ गांवींच राहिला. याच संस्थेनें ऑक्टोबर २०१९ मध्यें मुंबईस वरळी येथें येऊन भारतांतील पहिले एनबीए सामने खेळून दाखविले.

स्टॉक्टनलाहि गमावण्याची भीति नवी नाहीं. जून २०१२ मध्यें या नगरपालिकेनें दिवाळें जाहीर केलें; नदीकांठच्या क्रीडागाराचें कर्जहि त्या बोज्यांत होतें. त्या कर्जाच्या इमारतींत आतां मुलें आरोळ्या ठोकतात, ही गोष्ट आम्हांस क्षुल्लक वाटत नाहीं. एप्रिल २०२५ मध्यें या धाकट्या पातीनें ऑसिओला मॅजिक संघास हरवून जी लीगचें अजिंक्यपद मिळविलें. थोरल्या संस्थेस १९५१ सालीं, रोचेस्टरला असतांना, मिळालें तें एकच. सॅक्रामेंटोस आल्यापासून एकहि नाहीं. खेळाडू आज ना उद्यां पांगतील, कदाचित् संघहि कधीं हलेल. परंतु २०२५ चें अजिंक्यपद स्टॉक्टनच्या नांवें लागलें आहे, आणि तें वर बोलावून घेण्याचा अधिकार कोणत्याहि करारांत नाहीं.