अहमदनगरची अ‍ॅना आणि बँकॉकची शाळा

बँकॉक हे नाव आपल्या व्यापारी समाजाला परके नाही. माणिक, नीलम आणि हिरे यांचा व्यवहार करणारी जैन कुटुंबे कित्येक दशकांपासून तेथे राहत आहेत. आजवर आपल्या घरांतून बँकॉकला जाणारा माणूस एकतर खरेदीला जाई, नाहीतर पेढीवर बसायला. अलीकडे मात्र एक निराळाच प्रश्न घराघरांतून कानी पडू लागला आहे. इंग्रजी माध्यमात शिकलेली, पदवी घेतलेली मुलगी किंवा सून विचारते, ‘तिकडच्या शाळेत इंग्रजी शिकवायला गेले तर?’ वडीलधारी मंडळी गोंधळतात. हा काही आपला परंपरागत व्यवसाय नव्हे. त्याला पात्रता कोणती लागते, कागदपत्रे कोणती लागतात आणि फसवणूक कोठे होते, हे सांगणारे घरात कोणी नसते. गतवर्षी बँकॉकमध्ये काही दिवस राहण्याचा योग आला, तेव्हा या प्रश्नाकडे मी मुद्दाम लक्ष दिले.

बँकॉकच्या बांग राक भागात चारोएन क्रुंग नावाचा एक जुना रस्ता आहे. १८६२ ते १८६४ या काळात राजा मोंगकुट यांच्या आज्ञेने तो बांधला गेला. कालव्यांच्या त्या नगरीत घोडागाडीने फिरण्याजोगा रस्ता नाही, अशी युरोपीय वकिलातींची तक्रार होती. याच रस्त्याला सीलॉम मार्ग येऊन मिळतो आणि जवळच महेसाक ही रत्नबाजाराची गल्ली आहे. कागदाच्या घडीत बांधलेले खडे, टेबलावरचा पांढरा दिवा, डोळ्याला लावलेले भिंग आणि हिंदी, गुजराती, थाई व इंग्रजी यांचे मिश्रण झालेली बोली, असे तेथील वातावरण आहे. या परिसरात जैन देरासर आहे आणि तमिळ समाजाने एकोणिसाव्या शतकात बांधलेले मारिअम्मन देवीचे मंदिरही आहे. थाई लोक त्या मंदिराला ‘वात खेक’ म्हणतात. ‘खेक’ म्हणजे पाहुणा. भारतीय माणसालाही तेथे हाच शब्द लावतात. त्याच परिसरात १८८५ साली स्थापन झालेले अ‍ॅझम्प्शन कॉलेज आहे. रत्नांचा बाजार आणि इंग्रजीची शाळा शंभराहून अधिक वर्षे अशी शेजारी-शेजारी नांदत आली आहेत.

सयाम, म्हणजे आजचे थायलंड, कधीच इंग्रजांच्या ताब्यात गेले नाही. त्यामुळे आपल्याकडे कचेरी, न्यायालय आणि महाविद्यालय यांच्या मार्गाने इंग्रजी जशी रुजली, तशी ती तेथे रुजली नाही. सामान्य माणसाचा सारा व्यवहार थाई भाषेत चालतो. परंतु पर्यटन, निर्यात आणि आग्नेय आशियातील राष्ट्रसंघाचे कामकाज यांसाठी इंग्रजी अत्यावश्यक ठरली. म्हणून या भाषेचे शिक्षक बाहेरून आणावे लागतात आणि ही प्रथा थेट राजवाड्यापासून सुरू झाली आहे.

राजा मोंगकुट यांनी १८६२ मध्ये आपल्या मुलांना व राण्यांना इंग्रजी शिकवण्यासाठी सिंगापूरहून एका बाईंना बोलावले. त्यांचे नाव अ‍ॅना लिओनोवेन्स. राजांनी अपेक्षा स्पष्ट लिहून कळवली होती: इंग्रजी भाषा, शास्त्र आणि साहित्य शिकवावे, ख्रिस्ती धर्माचा प्रचार करू नये. पूर्वी मिशनरी स्त्रियांना शिकवण्यास ठेवून पाहिल्यानंतरची ही अट होती. पदावर नेमण्यापूर्वी काय हवे आणि काय नको हे लेखी सांगणारा तो धनी जाणता म्हटला पाहिजे. अ‍ॅनाबाईंनी १८६७ पर्यंत तेथे अध्यापन केले. पुढे गादीवर आलेले राजा चुलालोंगकोर्न हे त्यांचे एक विद्यार्थी.

या बाईंविषयीची एक गोष्ट मराठी वाचकाने अवश्य जाणून घ्यावी. आपण वेल्समध्ये जन्मलो, असे त्या आयुष्यभर सांगत राहिल्या. पुढील काळातील संशोधकांनी नोंदी तपासल्या, तेव्हा निराळेच सत्य बाहेर आले. त्यांचा जन्म १८३१ साली आपल्या अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, मुंबई इलाख्याच्या फौजेतील एका सार्जंटच्या कुटुंबात झाला होता आणि त्यांचे लग्न १८४९ साली पुण्यात लागले होते. त्यांच्या आईच्या घराण्यात भारतीय रक्त असावे, असेही अभ्यासक मानतात. बँकॉकमधील सर्वांत प्रसिद्ध इंग्रजी शिक्षिका आपल्या नगरची होती, आणि ते तिने झाकून ठेवले. भारतात जन्मलेल्या, गरीब सैनिकाच्या मुलीला विलायती बाईचा मान व वेतन मिळाले नसते, हे तिला पुरते ठाऊक होते.

दीडशे वर्षांनंतरही हा भेद पुरता मिटलेला नाही. थायलंडमधील शाळा शिक्षकांची दोन गटांत विभागणी करतात. ब्रिटन, अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड अशा देशांचे पारपत्र असणारे पहिल्या गटात. भारत, फिलिपाइन्स आणि इतर देशांचे लोक दुसऱ्या गटात. काम बहुधा सारखेच, पण दुसऱ्या गटाचे वेतन कमी. आपल्या व्यापाऱ्यांना यात नवल वाटू नये. माणकाला ब्रह्मदेशच्या खाणीचे नाव लागले की भाव चढतोच. परंतु खडा खोटा असेल, तर खाणीचे नाव त्याला तारत नाही; आणि खडा अस्सल असेल, तर पारखी गिऱ्हाईक आज ना उद्या भेटते. म्हणून दुसऱ्या गटातील उमेदवाराने आपल्या पात्रतेचे सगळे पुरावे चोख ठेवणे हाच उपाय.

ते पुरावे कोणते, हे क्रमाने पाहू. पहिला पुरावा पदवीचा. थायलंडच्या शाळेत शिकवण्यासाठी मान्यताप्राप्त विद्यापीठाची पदवी हा पाया आहे. ती कोणत्याही विषयाची चालते, वाणिज्य शाखेचीही. दुसरा पुरावा भाषेचा. ज्यांची मातृभाषा इंग्रजी मानली जात नाही, त्यांच्याकडून टोइकसारख्या परीक्षेचे गुणपत्रक मागितले जाते. ही परीक्षा ९९० गुणांची असते आणि सामान्यतः किमान ६०० गुणांची अपेक्षा असते. इंग्रजी माध्यमात शिकलेल्या मुलांना हे अवघड नाही. मात्र परीक्षा द्यावीच लागते. ‘माझे सर्व शिक्षण इंग्रजीत झाले’ हे तोंडी सांगून भागत नाही.

तिसरा पुरावा शिकवण्याच्या कौशल्याचा. आपल्याकडे सर्वाधिक जाहिराती याच्याच दिसतात. ‘१२० तासांचा टेफल अभ्यासक्रम, परदेशात नोकरीची हमी’ अशी ती भाषा असते. येथे पारख हवी. केंब्रिज विद्यापीठाशी संलग्न असलेला सेल्टा आणि लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजचा सर्ट-टीसॉल या दोन प्रमाणपत्रांना जगभर मान आहे. त्याचे कारण असे की, त्यांत उमेदवाराला खऱ्या विद्यार्थ्यांसमोर किमान सहा तास शिकवावे लागते आणि अनुभवी परीक्षक मागे बसून प्रत्येक पाठ तपासतो. ज्या अभ्यासक्रमात एकही विद्यार्थी समोर नसतो, घरबसल्या काही प्रश्न सोडवले की रंगीत कागद हाती येतो, त्याची किंमत त्या प्रमाणात कमी. खासगी भाषावर्गांत तोही कधी चालून जातो. पण तो पदवीची जागा घेत नाही आणि नोकरीची हमी तर मुळीच देत नाही.

चौथा पुरावा शिक्षकी परवान्याचा. २००३ च्या कायद्यानुसार तेथे ‘खुरुसफा’ नावाची शिक्षक परिषद काम करते. शाळेत शिकवणाऱ्याला तिचा परवाना लागतो. तो नसेल, तर शाळा आपल्या शिक्षकासाठी मुदतीची तात्पुरती परवानगी मिळवते. आपल्याकडील बी.एड. झालेल्या व्यक्तीला येथे निश्चित लाभ होतो, कारण तिची पात्रता अध्यापनाची म्हणून गणली जाते. आंतरराष्ट्रीय शाळांत उत्तम वेतन हवे असेल, तर बी.एड. किंवा तत्सम पदवीवाचून पर्याय नाही. ज्या मुलीला हे क्षेत्र मनापासून आवडते, तिने घाईने एखादे प्रमाणपत्र विकत घेण्यापेक्षा दोन वर्षे बी.एड.ला द्यावीत, असे माझे स्पष्ट मत आहे.

याशिवाय पोलिसांकडील चारित्र्य पडताळणीचा दाखला आणि पदवीच्या कागदपत्रांचे साक्षांकन लागते. बँकेत कर्जाची प्रकरणे पाहताना एक गोष्ट मनावर ठसली होती: कागद कोणता आहे याइतकेच तो कोणत्या क्रमाने आला यालाही महत्त्व असते. येथील क्रम असा आहे. प्रथम शाळेचा लेखी करार. मग शाळेने पाठवलेल्या कागदपत्रांच्या आधारे थायलंडच्या वकिलातीतून ‘नॉन-इमिग्रंट बी’ हा व्हिसा. मुंबईत त्यांचे वाणिज्य दूतावास आहे. त्यावर प्रारंभी ९० दिवसांचा प्रवेश मिळतो. मग कामाचा परवाना, ज्यावर धनी आणि काम यांची नोंद असते. शेवटी वास्तव्याची मुदतवाढ. यांपैकी एकही पायरी गाळता येत नाही.

फसवणूक नेमकी येथेच होते. नोव्हेंबर २०२३ पासून थायलंडने भारतीय पर्यटकांना व्हिसाविना प्रवेश देण्यास प्रारंभ केला. दलाल सांगतो, ‘आत्ता पर्यटक म्हणून जा, कागद तेथे गेल्यावर करू.’ पर्यटक म्हणून शिरून शिकवणे हा तेथे गुन्हा आहे. दंड होतो आणि देशाबाहेर रवानगीही होते. याहून भयंकर प्रकारही घडले आहेत. थायलंडमध्ये संगणकावरच्या नोकरीचे आमिष दाखवून भारतीय तरुणांना सीमेपलीकडे म्यानमारमध्ये नेले गेले आणि ऑनलाइन ठकबाजीच्या अड्ड्यांवर डांबून ठेवले गेले. आपल्या परराष्ट्र मंत्रालयाने २०२२ मध्येच याविषयी जाहीर इशारा दिला होता. त्यामुळे दलालामार्फत जायचे असल्यास तो १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली नोंदलेला आहे का, हे आधी पाहावे. नोंदणीकृत दलालाला सेवाशुल्क म्हणून ३०,००० रुपये व त्यावरील कर यांहून अधिक घेता येत नाही. लाखांची मागणी झाली की तेथेच उठावे. शाळेला स्वतः दूरध्वनी करावा आणि तेथे आधीपासून शिकवणाऱ्या एखाद्या भारतीय शिक्षिकेशी बोलावे. बँकॉकमधील आपली व्यापारी मंडळी शाळा प्रत्यक्ष पाहून येऊ शकतात; समाजाचे हे बळ इतर उमेदवारांजवळ नसते, ते वापरावे.

कागद झाले, पण खरी पात्रता वर्गात कळते. थाई भाषेत पाच सूर आहेत, क्रियापद काळानुसार बदलत नाही, नामाला अनेकवचनाचा प्रत्यय लागत नाही. म्हणून तेथील मुले इंग्रजी शब्दाचे शेवटचे व्यंजन गिळतात आणि भूतकाळ विसरतात. हे समजून घेणारा शिक्षक त्यांना आवडतो. आपलेही दोष असतात. आपण भरभर बोलतो, ‘व्ही’ आणि ‘डब्ल्यू’ यांचा उच्चार एकच करतो. परंतु आपण ही भाषा कष्टाने, व्याकरणासह शिकलो आहोत. ती परकी म्हणून शिकताना कोठे अडखळायला होते, हे आपल्याला अनुभवाने कळते, आणि ही भारतीय शिक्षकाची मोठी जमेची बाजू आहे.

आहाराचा प्रश्न घरातील स्त्रिया सर्वांत आधी विचारतील. ‘मांगसविरत’ हा शाकाहाराचा थाई शब्द, पण त्यात अंडे चालते. आपण लक्षात ठेवावा तो शब्द ‘जे’. चिनी बौद्ध परंपरेतून आलेल्या या आहारात मांस, मासे, अंडी तर नसतातच, शिवाय कांदा-लसूणही वर्ज्य असतो. पिवळ्या पताकेवर लाल अक्षर ही त्याची खूण. आपल्या आश्विनातील आयंबिल ओळीच्या आसपास तेथे नऊ दिवसांचा ‘जे’ उत्सव येतो, तेव्हा रस्तोरस्ती या पताका लागतात. मात्र ‘जे’मध्ये बटाटा, मुळा चालतात, कंदमूळ टाळणाऱ्याने तेवढे विचारून घ्यावे. बँकॉकबाहेरच्या गावात शाळा मिळाली, तर भाड्याच्या खोलीत स्वयंपाकाची परवानगी आहे का, हे कराराआधीच विचारावे.

तेथील शाळा मेच्या मध्यावर उघडतात आणि दुसरे सत्र नोव्हेंबरात सुरू होते. म्हणजे मार्च-एप्रिल आणि ऑक्टोबर हे नेमणुकांचे महिने. ज्यांच्या घरात हा विचार चालू आहे, त्यांनी दिवाळीपासून भाषेची परीक्षा, पोलिसांचा दाखला आणि साक्षांकन यांना हात घालावा. अहमदनगरच्या मुलीला आपले गाव लपवून शिकवावे लागले. आपल्या मुलींना ते लपवण्याचे कारण नाही. त्यांच्या अर्जावर नगर, सांगली किंवा सोलापूर हे जन्मगाव ठळक लिहिलेले असावे आणि त्याखाली जोडलेला प्रत्येक कागद खरा असावा.