म्हापशातल्या चोरिसांच्या माळा

गोव्यात पावसाळ्याच्या बेगमीला पुरुमेंत म्हणतात. मे महिन्यात म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात सुकी मासळी, मिरच्या, कांद्यांच्या माळा लागतात आणि त्यांच्याच शेजारी चोरिसांच्या लालभडक माळा लटकतात. आम्ही संत तुकाराम नगरातली तीन कुटुंबे वल्लभनगर आगारातून कोकणची एसटी धरून, पुढे गाड्या बदलत तिथे गेलो. मुलांना समुद्र हवा होता. तोही पाहिला, पण लक्षात राहिला तो बाजार.

चोरीस म्हणजे गोव्याचे सॉसेज. डुकराच्या मांसाचे तुकडे मीठ, मिरची, लसूण, मसाला आणि माडाच्या ताडीचा शिरका यांत मुरवायचे, आतड्यात भरायचे, दोऱ्याने बांधून मणी पाडायचे व उन्हात वाळवायचे. रीत पोर्तुगीजांची. मिरचीसुद्धा त्यांच्याच जहाजांतून आली.

संध्याकाळी रस्त्याकडेच्या गाड्यावर चोरीस-पाव खाल्ला. गाडेवाली मणी फोडून कांद्याबरोबर थोड्या पाण्यात शिजवते. तेल लागत नाही, चरबीच सुटते. गिऱ्हाईक स्कूटरवर बसूनच खाते. आंबट, जहाल तिखट! ज्यांना डुक्कर चालत नाही त्यांनी रस-ऑम्लेट घेतले.

आमच्यातल्या सत्तरीच्या मावशी गाडेवालीला विचारू लागल्या, "बाई, किती दिवस ऊन दाखवता? आभाळ आलं तर?" ती म्हणाली, चुलीवर धुरात टांगायचे. "आम्हीपण तसंच करायचो," मावशी बोलून गेल्या. काय करायचो, ते मात्र सुनेदेखत बोलल्या नाहीत.

वाचकहो, त्या चान्यांबद्दल बोलत होत्या. एकाच उन्हात वाळलेले मांस. गोव्यात ते बाजाराच्या दर्शनी भागात टांगतात, आणि आपल्याकडे पाहुणा आला की चान्यांचा डबा खाटेखाली जातो. बाबासाहेबांनी मार्च १९२७ मध्ये महाडला मेलेल्या ढोराचे मांस सोडायला सांगितले. समाजाने ते स्वाभिमानाने सोडले. चान्यांची लाज त्यातून आलेली नाही, ती शेजाऱ्यांच्या मुरडलेल्या नाकातून आली. शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या २०१५ च्या पुस्तकात मराठवाड्यातल्या आपल्या स्वयंपाकाची नोंद केली, चान्यांसकट. ते घराघरात वाचले जावे. मॉलमधले हॉट डॉग मुले ऐटीत खातात. त्यांना आजीचा डबाही ठाऊक असावा.

२०१५ पासून राज्यात बैलाच्या कत्तलीवरही बंदी आहे. पण बकऱ्याच्या मांसाच्याही चान्या होतात. मांसाच्या लांब, पातळ पट्ट्या कापाव्यात, मीठ चोळून दोरीवर टांगाव्यात. कडक उन्हात लाकडासारख्या वाळल्या की कोरड्या डब्यात भराव्यात. निखाऱ्यावर भाजून ठेचल्या तर भाकरीबरोबर, नाहीतर तुकडे करून डाळीत. मृगाच्या आधी वाळवून घ्याव्यात. नंतर ऊन मिळत नाही.