अर्धा तास

"नातू काय करतो तुमचा?" हा प्रश्न गेली चार वर्षं मला लग्नकार्यांत हमखास विचारला जातो, आणि मी दर वेळी काहीतरी गुळमुळीत उत्तर देते. "साउंडमध्ये आहे" म्हटलं की समोरची बाई खूश होऊन विचारते, "अय्या, म्हणजे संगीतकार?" मग "तसं नाही हो..." म्हणत मी मठ्ठ्याचं भांडं पुढे करते. आमचे जावईबापू स्पष्टवक्ते. ते सरळ सांगतात, "डिप्लोमा केला आणि आता स्पीकर टांगतो!"

खरं सांगायचं तर मलाही त्याचं हे काम पसंत नव्हतं. घरच्यांना वाटायचं, आजीला कमीपणा वाटतो. कारण वेगळं होतं. ते मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं, ते शेवटी सांगते.

गेल्या डिसेंबरात लेकीकडे पुण्याला गेले होते. नातू म्हणाला, "आजी, एकदा बघायला तर ये. गाणं नको ऐकूस, नुसती मांडणी बघ." शहराबाहेरच्या एका मोठ्या मैदानावर दुसऱ्या दिवशी कार्यक्रम होता. सकाळी आठला पोचलो. गेल्या गेल्या त्याने माझ्या अंबाड्यावर पिवळं हेल्मेट चढवलं आणि दोरी लावलेल्या हद्दीच्या बाहेर एका खुर्चीवर बसवलं. "ही रेघ ओलांडायची नाही. मीसुद्धा कामाशिवाय ओलांडत नाही." चौतीस वर्षं मुलांना रेघेच्या आत उभं करणाऱ्या बाईंना कुणीतरी शेवटी रेघ दाखवली!

माझा पहिला प्रश्न अगदी अडाणी होता. हे स्पीकर जमिनीवर ठेवले तर काय बिघडतं? इतकं उंच टांगायचं कशाला?

त्याने मातीत काडीने आकृती काढून समजावलं. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाजाची तीव्रता चौथाईवर येते. स्पीकर जमिनीवर असेल तर पहिली रांग त्याच्यापासून ३ मीटरवर आणि शेवटची ६० मीटरवर, म्हणजे वीसपट लांब. पुढच्यांचे कान फुटतात आणि मागच्यांना शब्द कळत नाहीत. तोच स्पीकर १० मीटर वर नेला की पहिली रांगही त्याच्यापासून दहा मीटरवर जाते. शेवटची रांग मग जेमतेम सहापट लांब उरते. शिवाय पुढच्यांची डोकी मागच्यांच्या आड येत नाहीत. एकाखाली एक लावलेल्या पेट्यांची ती केळफुलासारखी बाक आलेली माळ आपण हल्ली सगळीकडे बघतो, तिला लाइन अ‍ॅरे म्हणतात. फ्रान्समधल्या एल-अकूस्टिक्स कंपनीने १९९०च्या दशकात ती रूढ केली. खालच्या पेट्या पुढच्या रांगांकडे बघतात, वरच्या लांबच्यांकडे.

त्याच कंपनीच्या के-२ नावाच्या पेट्या तिथे होत्या. एक पेटी ५६ किलोची. एका बाजूला बारा, म्हणजे ६७२ किलो. वरची लोखंडी चौकट, केबली वगैरे धरून पाऊण टनाच्या आसपास. एवढं वजन माणसांच्या वर! माझ्या पोटात गोळा आला.

"कशावर टांगता हे?" मी विचारलं. त्याने घोड्याच्या नालेच्या आकाराचा एक लोखंडी तुकडा माझ्या हातात ठेवला. उघड्या तोंडाला आट्यांची आडवी खीळ. त्याला शॅकल म्हणतात. अंगावर ठसा होता, सव्वातीन टन. "म्हणजे सव्वातीन टनाला तुटतो का रे?" "नाही, तुटायला त्याच्या पाच-सहापट वजन लागतं." "मग पाच टन टांगायला काय हरकत आहे?" तो हसला. "आजी, तो वरचा भाग आपला नाही. तो झिजेसाठी, धक्क्यासाठी आणि आपल्या चुकांसाठी राखून ठेवलेला असतो." ज्या शॅकलवर ठसा नाही, तो कितीही मजबूत दिसला तरी वापरायचा नाही, हाही नियम. कारण तो किती पेलेल हे कुणालाच ठाऊक नसतं.

मग कोनाची गंमत. मी बी.ए. मराठीची, माझं गणित यथातथाच. पण हे मला कळलं, कारण आयुष्यभर कपडे वाळत घातले आहेत. दोरी थोडी ढिली बांधली तर ओली साडी घातल्यावर नुसती लोंबते. ताठ ताणून बांधली तर त्याच साडीने भिंतीतला खिळा उपटून येतो. साडीचं वजन तेवढंच, पण दोरीवरचा ताण वाढलेला. १०० किलोचं ओझं दोन उभ्या दोरांवर टांगलं तर प्रत्येकावर ५० किलो येतात. दोरांमध्ये ६० अंशांचा कोन केला की ५८, काटकोन केला की ७१. आणि १२० अंशांचा केला की प्रत्येकावर १००! दोघांनी मिळून उचलायचं ठरवलं आणि दोघांच्याही मानेवर पूर्ण ओझं. नुसता "दोर मजबूत आहे" म्हणून भागत नाही, तो कसा बांधलाय हे बघावं लागतं.

दहा वाजता खरं काम सुरू झालं. पेट्या जमिनीवरच एकमेकींना पिनांनी जोडल्या. दोन पेट्यांमध्ये किती अंशांचा कोन ठेवायचा तो आधीच कागदावर ठरलेला. एकाने पिन लावायची, दुसऱ्याने हात लावून तपासायची. ज्याने लावली त्याने तपासलेलं चालत नाही. (पेपर तपासताना आम्ही हेच करायचो. आपल्या बेरजेतली चूक आपल्याला दिसत नाही!) शॅकलची खीळ घट्ट पिळून वर तारेने बांधून टाकली, कारण ढोलाच्या घुमण्याने आट्या हळूहळू सैल होऊ शकतात. उचलायला साखळीच्या मोटरी होत्या. त्यांचीही एक मजा आहे. आकडा वर अडकवलेला आणि मोटर खाली. ती स्वतःच आपल्या साखळीवरून ओझ्यासकट वर चढत जाते, विहिरीच्या दोरावरून माणूस चढावा तशी.

माळ हातभर उचलली आणि थांबवली. वजन किती येतंय ते काट्यावर पाहिलं, कागदावरच्या आकड्याशी ताडलं, सगळीकडून फिरून बघितलं. मगच पुढे. बटण एकाच्याच हातात, आणि कुणीही मोठ्याने बोलत नव्हतं.

माळ पुरुष-दीड पुरुष वर गेली असेल, तेवढ्यात एक पोरगा ओरडला, "थांबा!" विशीचाही नसेल, मराठवाड्यातून नुकताच आलेला. मोटरी तत्क्षणी थांबल्या. सातव्या पेटीची एक पिन त्याला पूर्ण आत गेलेली वाटली नाही. आयोजकांचा माणूस धावत आला. "अहो, चार वाजता कलाकार येताहेत, आधीच उशीर झालाय. खालून दिसतंय की नीट!" माझा नातू शांतपणे म्हणाला, "काका, खाली घेतो. अर्धा तास लागेल."

अर्धा तास. ते शब्द ऐकले आणि मी खुर्चीचा हात घट्ट धरला.

माळ खाली आली. पिन बघितली, तर ती अगदी व्यवस्थित बसलेली होती! वर चिकटपट्टीचा तुकडा लोंबत होता, त्यामुळे त्या पोराला तसा भास झाला. आता सगळे त्याला हसणार असं मला वाटलं. कुणी हसलं नाही. नातवाने त्याच्या पाठीवर थाप मारली आणि चिकटपट्टी काढून टाकली. मी नंतर विचारलं तर म्हणाला, "थांबा म्हणणाऱ्याला एकदा हसलं ना आजी, की पुढच्या वेळी तो गप्प बसतो. आणि नेमकी तेव्हाच पिन सुटलेली असते."

वर्गात चुकीची शंका विचारणाऱ्या मुलांना मी किती वेळा हसू दिलं असेल, हे मला त्या क्षणी आठवलं.

दुपारी माळ जागेवर गेली. मग तिला एक जादा पोलादी दोर बांधला. मोटरीचं काही बिघडलंच तर ओझं त्याने धरायचं. तोही फार ढिला ठेवायचा नाही. नारळ तळहातावर ठेवला तर काही होत नाही, वीतभर वरून सोडला तर हात झिणझिणतो; तसंच हे. थोडंसं पडूनही धक्का वजनाच्या कितीतरी पट बसतो. उंचावर वारा मोजायचं यंत्र लावलं. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर त्याचा रेटा चौपट होतो, आणि एवढी मोठी माळ म्हणजे शिडाचं कापडच. किती वेगाला कार्यक्रम थांबवायचा आणि पेट्या खाली घ्यायच्या, आणि तो निर्णय कोण घेणार, हे आदल्या दिवशीच कागदावर लिहिलेलं होतं.

"हे कशाला लिहायचं? वारा सुटल्यावर कळेलच की," असं मी म्हटलं, तेव्हा त्याने अमेरिकेतली हकिगत सांगितली. १३ ऑगस्ट २०११ रोजी इंडियाना राज्याच्या जत्रेत गाण्याचा कार्यक्रम सुरू व्हायचा होता. वादळ जवळ येत होतं. कार्यक्रम लांबवायचा की नाही यावर बोलणी चालली होती आणि लोक मैदानात बसून होते. तेवढ्यात वाऱ्याच्या झोताने रंगमंचावरचा सगळा सांगाडा लोकांवर कोसळला. सात माणसं गेली. पुढच्या वर्षी चौकशीचे अहवाल आले. आडव्या रेट्यासाठी तो सांगाडा पुरेसा मजबूत नव्हता, हे तर त्यात होतंच. पण थांबवण्याचा अधिकार नेमका कुणाचा, हेही तिथे स्पष्ट नव्हतं, असं निघालं.

आता माझी गोष्ट.

१९८४ सालचं स्नेहसंमेलन. तालुक्याच्या गावातली शाळा, मी संमेलनप्रमुख. पटांगणाच्या दोन बाजूंना वासे उभे करून त्यांवर कर्णे बांधायचे होते. लाउडस्पीकरवाला साधा माणूस, सायकलवरून सामान आणायचा. दुसरा कर्णा बांधताना त्याच्याजवळची तार संपली. मला म्हणाला, "बाई, कडेला सुतळी काचते, आणि वारं सुटलंय. घरून तार आणतो. अर्धा तास द्या."

प्रमुख पाहुणे येऊन बसले होते. मुख्याध्यापक घड्याळाकडे बघत होते. मी म्हणाले, "आहे त्याने बांधा हो. काही होत नाही."

तिसऱ्या नाचाच्या वेळी कर्णा खाली आला. सातवीतल्या एका मुलीचं खांद्याजवळचं हाड मोडलं. वीतभर इकडे आला असता तर डोक्यातच बसला असता. दीड महिन्याने ती शाळेत परत आली, हसत आली, लेकरंच ती.

नंतर बैठक झाली. माणूस निष्काळजी आहे, असं ठरलं. त्याचे पैसे द्यायचे नाहीत आणि पुन्हा त्याला बोलवायचं नाही, असंही ठरलं. मी त्या बैठकीत बसले होते. त्याने अर्धा तास मागितला होता हे फक्त त्याला आणि मला माहीत होतं. मी बोलले नाही. त्याच वर्षी मी मुलांना 'सत्याचा विजय' या विषयावर निबंध लिहायला दिला होता!

एवढी वर्षं वर टांगलेलं काही दिसलं की मी तिथून बाजूला व्हायची. नातवाने हे काम धरलं तेव्हा झोप उडाली होती ती यामुळे.

त्या दिवशी परत येताना गाडीत मी त्याला हे सगळं सांगितलं. मला वाटलं, दोष सुतळीचा होता की बांधण्याचा, असं काही विचारेल. थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "त्यांनी थांबा म्हटलं होतं ना?"

"हो."

"मग त्यांना काम येत होतं, आजी."

मागच्या महिन्यात मी त्या गावी जाऊन आले. ते गृहस्थ आता हयात नाहीत. मुलाचं मांडवाचं दुकान आहे. त्याला सगळं सांगितलं. त्याला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. वडील घरी बोललेच नव्हते. माफी कुणाची मागायची हेच मला कळेना, तरी मागितली. तो बराच वेळ फोटोकडे बघत होता. मग म्हणाला, "तार मात्र ते कायम जवळ ठेवायचे, बाई. घरात लागली तरी त्यातली घेऊ द्यायचे नाहीत."

या लेखाचा उपदेश करायचा माझा अधिकार नाही. तरी आपल्या घरातली बरीच पोरं गणेशमंडळांत असतात, सुनाबाळी शाळांत संमेलनं बसवतात, म्हणून एवढंच सांगते. वर काही बांधणारा माणूस "थोडा वेळ द्या" म्हणाला, तर द्या. पाहुणे थांबतात. मी थांबवून पाहिलं नव्हतं, पण थांबले असते.

आणि आता कुणी विचारलं तर मी मठ्ठ्याचं भांडं पुढे करत नाही. सांगते, स्पीकर टांगतो. आणि शंका आली तर खाली घेतो.