एस्कपासून रीडपर्यंत: इंग्लंडच्या सीमाप्रदेशातील कुळांचा माग

इंग्लंड आणि स्कॉटलंड यांची सीमा पश्चिमेच्या सॉल्वे खाडीपासून ईशान्येकडे उत्तर समुद्राच्या किनाऱ्यापर्यंत जाते. तिच्या दोन्ही बाजूंच्या दऱ्याखोऱ्यांत चौदाव्या ते सोळाव्या शतकांत नांदलेल्या कुळांचा माग काढायचा असेल, तर सीमेच्या दक्षिण अंगाने, कंबरलंडमधून नॉर्थम्बरलंडकडे, असा प्रवास करणे सोयीचे पडते. ग्रॅहम, रूटलेज, चार्लटन, रॉबसन, मिलबर्न, डॉड, हॉल, रीड ही येथली आडनावे आज इंग्रजी बोलणाऱ्या सगळ्या देशांत पसरली आहेत, आणि ती लावणाऱ्या अनेकांना आपले मूळ पाहण्याची ओढ या प्रदेशात घेऊन येते. १२९६ मध्ये दोन राज्यांत युद्ध पेटले आणि त्यानंतर सुमारे तीनशे वर्षे सैन्यांच्या येण्याजाण्याने येथली शेती पुन्हा पुन्हा उद्ध्वस्त होत राहिली. पेरलेले पीक हाती येईल याची खात्री उरली नाही, तेव्हा सहज हाकून नेता येणारी गुरे हीच संपत्ती ठरली, आणि शेजारच्या खोऱ्यातील गुरे रात्री घोड्यावरून जाऊन लुटून आणणे हा जगण्याचा मार्ग झाला. असे छापे घालणाऱ्यांना रीव्हर म्हणत. ते समाजाबाहेरचे दरोडेखोर नव्हते, तर एरवी नांगर धरणारे आणि मेंढ्या राखणारे शेतकरीच होते, ही गोष्ट वंशशोधाच्या प्रवासात पहिल्यापासून ध्यानात ठेवावी लागते.

प्रवासाचा आरंभ कार्लाइल शहरात होतो. १०९२ मध्ये दुसऱ्या विल्यमने येथे किल्ला उभारण्यास सुरुवात केली आणि पुढे हाच किल्ला इंग्लंडच्या पश्चिम मार्चच्या कारभाराचे ठाणे झाला. मार्च म्हणजे सीमेवरचा लष्करी विभाग; प्रत्येक देशाने आपल्या बाजूचे पूर्व, मध्य आणि पश्चिम असे तीन मार्च पाडले होते आणि प्रत्येकावर वॉर्डन नावाचा अधिकारी नेमला होता. १२४९ मध्ये प्रथम लेखी स्वरूपात आलेल्या सीमाकायद्यानुसार दोन्हीकडचे वॉर्डन ठरलेल्या दिवशी भेटून तक्रारींचा निवाडा करीत, आणि तेथे जमलेल्या कोणालाही, परतीच्या वाटेवरसुद्धा, हात लावण्याची मनाई असे. १७ मार्च १५९६ रोजी अशाच भेटीहून परतणाऱ्या किनमाँट विली आर्मस्ट्राँग या स्कॉटिश रीव्हरला इंग्रजांनी पकडून या किल्ल्यात कोंडले. करारभंगाने संतापलेल्या बक्लूच्या वॉल्टर स्कॉटने १३ एप्रिलच्या रात्री किल्ल्यात शिरून त्याला सोडवून नेले. या धाडसाची कीर्ती मोठी असली, तरी वंशशोधकाने तिच्यामागचे नाते पाहावे: किनमाँटची बायको इंग्लंडच्या बाजूच्या ग्रॅहम कुळातली होती, आणि सुटकेला ग्रॅहमांनी आतून मदत केल्याचा वॉर्डनचा आरोप होता. राजा वेगळा असला तरी सोयरीक जवळची होती.

याच शहरातील कंब्रियाच्या अभिलेखागारात खरा शोध सुरू होतो आणि त्याच्या मर्यादाही तेथेच कळतात. १८४१ ची जनगणना आणि १ जुलै १८३७ पासून सुरू झालेली जन्म, विवाह व मृत्यूंची सरकारी नोंदणी यांच्या आधारे एकोणिसाव्या शतकापर्यंत मागे जाणे फारसे कठीण नाही. त्याआधीचा आधार म्हणजे पॅरिशच्या, म्हणजे एका चर्चच्या अखत्यारीतील वस्तीच्या, नोंदवह्या. त्या ठेवण्याची आज्ञा १५३८ मध्ये निघाली होती. परंतु सीमेलगतच्या अनेक डोंगरी पॅरिशांच्या उपलब्ध वह्या सतराव्या, काही ठिकाणी तर अठराव्या शतकापासूनच सुरू होतात. त्यामुळे रीव्हरांचा काळ आणि पहिली सलग नोंद यांच्यामध्ये दोन-चार पिढ्यांची दरी पडते. १६४१-४२ मधील शपथपत्रांच्या याद्या आणि १६६२ नंतरच्या चूलपट्टीच्या, म्हणजे घरातील चुलींवर बसवलेल्या कराच्या, याद्या या दरीवर तुटक पूल बांधतात. पण शपथपत्रांत बहुतांशी प्रौढ पुरुष आणि चूलपट्टीत केवळ कुटुंबप्रमुख येत असल्याने नाव सापडले तरी नाते सापडतेच असे नाही.

सोळाव्या शतकातील जी माहिती उरली आहे, ती बहुतेक या कुळांवर पाळत ठेवणाऱ्यांनी लिहिलेली आहे. जोसेफ बेन यांनी १८९४ आणि १८९६ मध्ये दोन खंडांत प्रसिद्ध केलेल्या सीमापत्रांच्या संग्रहात वॉर्डनांची पत्रे, तक्रारी आणि संशयितांच्या याद्या आहेत. १५८३ मध्ये ब्यूकासलच्या थॉमस मस्ग्रेव्हने राणी एलिझाबेथचे प्रधान लॉर्ड बर्ली यांना पाठविलेल्या पत्रात आर्मस्ट्राँग आणि ग्रॅहम कुळांतील कोण कोणाचा मुलगा, कोणाची बहीण सीमेपलीकडे कोणाकडे दिली आहे, हे बारकाईने सांगितले आहे. वॉर्डनच्या परवानगीवाचून सीमेपलीकडे लग्न करणे हा गंभीर अपराध मानला जाई, तरी अशी लग्ने सर्रास होत. म्हणून कोणावर विसंबावे हे ठरविण्यासाठी राज्यकर्त्यांना गुन्हेगारांचा कुलवृत्तान्त हाताशी ठेवावा लागला. ज्या कागदाचा हेतू पूर्वजांना फासावर चढविणे हा होता, त्याच कागदाने त्यांच्या लेकीसुनांची नाती वंशजांसाठी जपून ठेवली आहेत.

या कागदांत माणसे ओळखणे हीसुद्धा एक विद्याच आहे. एका आडनावाचे आणि एकाच पाळण्यातल्या नावाचे अनेक पुरुष जवळपास राहत असल्याने बापाचे नाव, आजोबांचे नाव, घराचे ठिकाण किंवा शरीरातील व्यंग जोडून माणूस ओळखला जाई. एकाच्या नावामागे नाक नसल्याची खूण, दुसऱ्याच्या मागे बोटे तुटल्याची, तिसऱ्याच्या मागे बाप आणि आजोबा अशा दोन पिढ्यांची नावे ओळीने दिसतात. अशा नावाची माळ मिळाली तर एका ओळीत तीन पिढ्या हाती लागतात. ती नसेल, तर समकालीन नामसाधर्म्यावर वंशावळ रचण्याचा मोह कटाक्षाने टाळावा लागतो.

कार्लाइलहून उत्तरेस लाँगटाउनजवळ एस्क नदीचे सपाट खोरे लागते. आर्थरेट येथील चर्च १६०९ मध्ये पहिल्या जेम्सच्या आज्ञेने देशभर गोळा केलेल्या वर्गणीतून नव्याने बांधले गेले, आणि त्याच्या पुढे नेदर्बी हे ग्रॅहमांचे एकेकाळचे मुख्य स्थान आहे. एस्क आणि सार्क या नद्यांमधील पट्टा दोन्ही देश आपला म्हणत असल्याने तो वादग्रस्त भूमी म्हणूनच ओळखला जाई. तेथे कोणाचाच कायदा चालत नसे. १५५२ मध्ये फ्रेंच राजदूताच्या मध्यस्थीने त्याची वाटणी झाली आणि स्कॉट्स डाइक नावाचा मातीचा बांध घालण्यात आला. आज झाडीतून जाणारा हा ठेंगणा, जागोजाग खचलेला बांध पाहताना, त्याच्या दोन्ही बाजूंस माती सारखीच आणि आडनावेही सारखीच हे जाणवते. १६०३ मध्ये स्कॉटलंडचा सहावा जेम्स पहिला जेम्स म्हणून इंग्लंडच्याही गादीवर बसला आणि सीमेचे प्रयोजनच संपले, तेव्हा त्याने या कुळांचा कणा मोडण्याचे ठरविले. ग्रॅहम पुरुषांना प्रथम नेदरलंड्समधील इंग्रज ठाण्यांवर आणि १६०६-०७ मध्ये बायकामुलांसह आयर्लंडमधील रॉसकॉमन येथे धाडण्यात आले. अनेक जण तेथून परत आले, काही तेथेच पांगले. नेदर्बीपाशी तुटलेला धागा आयर्लंडमध्ये, आणि अठराव्या शतकातील स्थलांतरामुळे पुढे अमेरिकेत शोधावा लागतो, तो या सक्तीमुळे.

एस्कच्या काठाने सीमा ओलांडल्यावर लँगम हे गाव येते. हा मुलूख आर्मस्ट्राँगांचा. चंद्रावर प्रथम पाऊल ठेवणाऱ्या नील आर्मस्ट्राँग यांनी मार्च १९७२ मध्ये येथे येऊन गावाचे मानद नागरिकत्व स्वीकारले. मराठी वाचकाला मात्र गावावरच्या व्हिटा टेकडीवरील उंच दगडी स्तंभ अधिक जवळचा वाटेल, कारण तो सर जॉन माल्कम यांच्या स्मरणार्थ १८३५ मध्ये उभारलेला आहे. ज्यांच्यापुढे जून १८१८ मध्ये दुसऱ्या बाजीरावांनी शरणागती पत्करली, जे १८२७ ते १८३० या काळात मुंबईचे गव्हर्नर होते आणि ज्यांच्या नावाने महाबळेश्वरची माल्कम पेठ वसली, ते माल्कम १७६९ मध्ये याच खोऱ्यातील बर्नफूट येथे जन्मले. सीमेवरची लढाई थांबल्यावर येथल्या तरुणांपुढे साम्राज्याच्या चाकरीची वाट खुली झाली, आणि त्या वाटेचे एक टोक सह्याद्रीपर्यंत पोहोचले.

पुन्हा इंग्लंडच्या बाजूस येऊन ब्यूकासलच्या उजाड माळावरून पूर्वेकडे कील्डरच्या अरण्यातून गेल्यावर नॉर्थ टाइनचे खोरे उलगडते. त्याला मिळणाऱ्या टार्सेटच्या दरीत ब्लॅक मिडन्स नावाचे सोळाव्या शतकातील बॅसल, म्हणजे तटबंदीवजा शेतघर, उभे आहे. त्याचे छप्पर आता नाही, पण भिंती शाबूत आहेत, आणि ओबडधोबड मोठ्या दगडांच्या त्या भिंतींची जाडी दाराच्या चौकटीत उभे राहिले की अंगावर येते. खाली गुरे आणि वर माणसे अशी रचना होती. वरच्या मजल्यावर शिडीने चढत आणि हल्ल्याची चाहूल लागताच ती वर ओढून घेत. बाहेरचा दगडी जिना नंतरच्या, शांततेच्या काळातला आहे. खालच्या गोठ्यातील गुरांची ऊब वरच्या लाकडी तक्तपोशीतून येत असेल, आणि रात्री कुत्रा भुंकला की घरातली सारी माणसे अंधारात कान देऊन बसत असतील, हे समजायला येथे ग्रंथाची गरज पडत नाही.

खाली बेलिंजम गावात चर्चला लाकडी छप्पर नसून दगडी कमानींवर पेललेले दगडी छत आहे. हे खोरे चार कुळांचे: चार्लटन, रॉबसन, डॉड आणि मिलबर्न. १५४१ मध्ये रॉबर्ट बोज आणि राल्फ एलर्कर यांनी केलेल्या पाहणीत त्यांची नोंद असून चार्लटनांना अग्रस्थान दिले आहे. सरकार अपराध्याबद्दल त्याच्या कुळप्रमुखास जबाबदार धरी, आणि कुळ प्रत्येक सदस्याच्या खुनाचा सूड आपला मानी. म्हणून आडनाव हे ओळखीबरोबरच संरक्षणाचे कवच होते, आणि दुबळी माणसे रक्ताचे नाते नसतानाही बलिष्ठ कुळाच्या आश्रयाला जात. जवळच्या हेस्लीसाइड या चार्लटनांच्या वाड्याविषयी अशी परंपरा सांगतात, की कोठार रिते झाले की घरधनीण ताटात मांसाऐवजी घोडेस्वाराच्या टाचेला बांधायचा काटा वाढी, आणि पुरुष न बोलता छाप्याला निघत.

रीड नदीच्या खोऱ्यात हॉल, रीड, हेडली आणि पॉट्स ही कुळे होती. एल्सडनच्या चर्चपाशी एकोणिसाव्या शतकात मोठ्या संख्येने मानवी सांगाडे सापडले. ते १३८८ च्या ऑटरबर्न युद्धातील मृतांचे मानले जातात, आणि त्यांपैकी एकाचेही नाव कोणाला ठाऊक नाही. वंशशोधाचा नकाशा नावांनी भरत असताना हे निनावी मृत शोधकाला विनम्र करतात. त्यांच्यासारखेच लुटले गेलेलेही बहुधा वंशावळीबाहेर राहतात. तक्रारींच्या याद्यांत बैल, गायी आणि घोडी यांच्यापाठोपाठ घरातली भांडीकुंडी आणि कपडे यांचा हिशेब येतो, आणि तक्रारदारांत विधवाही असतात. ज्याच्या पूर्वजाने ही गुरे नेली त्याला शौर्याची कथा मिळाली. जिची गुरे गेली, तिच्या वाट्याला एक ओळ आली. शतकाशतकांच्या सोयरिकीनंतर दोघांचे रक्त एकाच वंशजात मिसळलेले असणे हेच अधिक संभवनीय आहे.

अलीकडे पितृवंशाने उतरणाऱ्या वाय गुणसूत्राच्या चाचणीने कागदांतील दरी भरून काढण्याचा प्रयत्न होतो. दोन चार्लटनांचा पूर्वज समान होता की नाही हे ती बऱ्याच विश्वासाने सांगू शकते; पण तो पूर्वज कोणत्या बॅसलमध्ये राहत होता हे सांगू शकत नाही, आणि आईच्या बाजूची असंख्य माणसे तिच्या कक्षेत येतच नाहीत. शिवाय आश्रयाला आलेली माणसे कुळाचे नाव लावीत असल्याने, एकाच आडनावाखाली भिन्न पितृवंश निघाले तर त्यात नवल नाही.

म्हणून एस्कपासून रीडपर्यंतच्या या प्रवासाचे खरे फलित एखाद्या नामांकित रीव्हरपर्यंत नेऊन भिडवलेली वंशावळ हे नसते. कागद जेथे संपतात तेथे रेषा थांबविणे, आणि त्यापलीकडे खोऱ्याचे नाव लिहून तेथील छापेकरी व छापाग्रस्त, कुळात जन्मलेले व कुळाच्या आश्रयाला आलेले, या सर्वांना आपले पूर्वज म्हणून स्वीकारणे, ही या भूमीशी प्रामाणिक राहण्याची रीत आहे. असा वंशज कोणाच्या गौरवाचा वारसा मागत नाही. दोन राज्यांच्या युद्धाने शेतकऱ्याला दरोडेखोर कसे केले आणि शांतता येताच तोच पुन्हा शेतकरी कसा झाला, या जाणिवेचा वारसा तो पुढच्या पिढीकडे सोपवितो, आणि तो कोणत्याही वंशवृक्षापेक्षा अधिक मोलाचा आहे.